अंगोला: बाहेरचे निघून गेले आणि लढाई वाढली

प्रश्न थोडक्यात असा आहे. आफ्रिकेतल्या अंगोलातलं यादवी युद्ध १९७५ ते २००२, म्हणजे सत्तावीस वर्षं चाललं, ते परकीयांनी लावून दिलेलं भांडण होतं का? बाहेरची मदत तोडली असती तर जोनास सविंबीचे बंडखोर, म्हणजे युनिटा ही संघटना, महिन्या-दोन महिन्यांत संपले असते का? आणि आपले भारतीय सैनिक तिथे संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून नेमकं काय करत होते, त्याचा काही उपयोग झाला का?

मी सैन्याच्या इंजिनिअर शाखेतला. १९९५-९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लष्करी निरीक्षक म्हणून अंगोलाच्या मध्य पठारावर वर्षभर होतो. त्याआधी आणि नंतरही सुरुंग हाच माझा विषय. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि सुरुंगांकडे जरा जास्तच वळेल.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी गोम तिथेच आहे. बाहेरची मदत तुटली होती. करारावर सह्या होऊन, तारखा ठरवून तुटली होती. डिसेंबर १९८८ च्या न्यूयॉर्क करारानंतर दक्षिण आफ्रिका बाजूला झाली. मे १९९१ मध्ये शेवटचा क्युबन सैनिक मायदेशी गेला, तोही ठरल्या मुदतीच्या महिनाभर आधी. त्याच वर्षाअखेर सोविएत संघच उरला नाही. मे १९९३ मध्ये अमेरिकेने राजधानी लुआंडातल्या सरकारला मान्यता दिली, म्हणजे ज्याच्याविरुद्ध इतकी वर्षं बंडखोरांना पोसलं त्याच सरकारशी हात मिळवला. ज्यांनी युद्ध लावलं म्हणतात ते सगळे चार-पाच वर्षांत घरी गेले. आणि नेमकी १९९३-९४ ही दोन वर्षं या युद्धातली सगळ्यात भीषण ठरली. १९९३ च्या मध्यावर संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता की लढाई, भूक आणि रोगराई धरून रोज हजार माणसं मरत आहेत.

म्हणजे "बाहेरचा हात काढा, आग आपोआप विझेल" हे इथे खरं ठरलं नाही. पण मग बाहेरच्यांचा काही संबंधच नव्हता असंही नाही. ते नीट सांगायचं तर मागे जावं लागेल.

अंगोला पोर्तुगीजांची वसाहत. आपल्या गोव्याचेच धनी. १९६१ हे वर्ष लिस्बनला फार वाईट गेलं: फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोलात उठाव झाले आणि डिसेंबरात गोवा हातचा गेला. गोवा दोन दिवसांत सुटला, अंगोलाला तेरा-चौदा वर्षं लढावं लागलं. त्या लढ्यात एक संघटना नव्हती, तीन होत्या, आणि तिघींची माणसं वेगळी होती. एमपीएलए लुआंडा शहर, किनाऱ्यालगतचे शिकलेले लोक, मिश्र रक्ताची कुटुंबं आणि म्बुंडू समाज यांची. नेता अगोस्तिन्यो नेटो, पेशाने डॉक्टर आणि कवी. एफएनएलए उत्तरेच्या बाकोंगोंची, नेता होल्डन रॉबर्टो, पाठीशी शेजारच्या झाईरचा, म्हणजे आजच्या काँगोचा, हुकूमशहा मोबुटू. आणि युनिटा मध्य पठारावरच्या ओविंबुंडूंची, जोनास सविंबीने १९६६ मध्ये काढलेली.

हे तीन गट अमेरिकेने किंवा रशियाने घडवलेले नाहीत. पोर्तुगीज काळात पठारावरच्या ओविंबुंडू पुरुषांना सक्तीच्या कंत्राटावर उत्तरेतल्या कॉफीच्या मळ्यांत नेत. उत्तरेच्या लोकांच्या लेखी ते गोऱ्यांचे मजूर. किनाऱ्यावरच्या शिकलेल्यांच्या लेखी पठारवाले अडाणी. आणि पठारवाल्यांच्या लेखी लुआंडात बसलेले सगळे, गोरे गेले तरी, त्यांचेच वारस. माझ्यासोबत एक ब्राझिलियन अधिकारी होता, त्याला पोर्तुगीज येत असल्याने लोक त्याच्याशी मोकळं बोलत. तो म्हणायचा, इथे कुणी मार्क्स काढत नाही की लोकशाही काढत नाही. सगळे आजोबांना कुठल्या मळ्यात नेलं होतं तेच सांगतात.

(भाषेवरून आठवलं. माझं पोर्तुगीज शून्य, पण मराठी माणसाचं तिथे अगदीच अडत नाही. बटाटा म्हटलं की बटाटा येतो, पाव म्हटलं की पाव. चावी, साबण, बादली हे शब्दही थोडे इकडे-तिकडे वळवले की चालतात. 'पगार' हा शब्द तर बरोबर तिथल्या दुखण्यावर बोट ठेवणारा, कारण त्यांच्या भाषेत त्याचा अर्थच 'पैसे देणं', आणि तो कुणालाच वेळेवर होत नव्हता.)

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये सैनिकांनीच हुकूमशाही उलथली आणि वसाहती सोडायचं ठरलं. जानेवारी १९७५ च्या आल्व्होर करारात तिन्ही गटांनी मिळून सरकार चालवायचं आणि ११ नोव्हेंबरला स्वातंत्र्य, असं ठरलं. करार काही महिनेसुद्धा टिकला नाही. दरम्यान तीन लाखांच्या आसपास पोर्तुगीज देश सोडून गेले. गावातला दुकानदार पोर्तुगीज, ट्रकवाला पोर्तुगीज, गॅरेजवाला, परिचारिका, स्टेशनमास्तर, सगळे पोर्तुगीज. ते गेल्यावर मका विकायला बाजार नाही आणि मीठ-साबण मिळायला दुकान नाही. पठारावरच्या शेतकऱ्याला लुआंडाच्या सरकारचा पहिला अनुभव हा.

याच फटीतून बाहेरचे घुसले. आणि इथे परकीय हस्तक्षेप म्हणून सरसकट एकच शब्द वापरला की घोटाळा होतो, कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं होतं.

मोबुटूला अंगोलाच्या काबिंडा प्रांताचं तेल दिसत होतं आणि आपल्या तांब्याच्या खाणींचा माल समुद्राला नेणारी बेंगेला रेल्वे. दक्षिण आफ्रिकेला नामिबिया हातात ठेवायचा होता आणि तिथले बंडखोर, स्वापो, अंगोलात तळ टाकतील ही भीती. अमेरिका नुकतीच व्हिएतनाममधून तोंड पोळून आलेली. १९७५ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सीआयएला गुप्त मोहीम मंजूर केली, पण वर्षअखेरीला त्यांच्याच संसदेने पैसा अडवला. चीनने एफएनएलएला प्रशिक्षक दिले होते, ते ऐन वेळी काढून घेतले. सोविएतांनी एमपीएलएला शस्त्रं दिली. आणि क्युबा! मॉस्कोने सांगितलं म्हणून क्युबा आला असं तेव्हा सगळे धरून चालले होते. पुढे खुली झालेली कागदपत्रं वेगळं सांगतात. कॅस्ट्रोने नोव्हेंबर १९७५ मध्ये सैन्य आधी पाठवलं, मॉस्कोला ते नंतर पचवावं लागलं. मोहिमेचं नाव कार्लोटा, १८४३ मध्ये क्युबात उसाच्या मळ्यांवर गुलामांचं बंड करणाऱ्या आफ्रिकन बाईवरून ठेवलेलं. १९७६ च्या सुरुवातीला तिथे ३६ हजार क्युबन होते.

स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, १० नोव्हेंबरला, लुआंडाच्या उत्तरेला किफांगोंडोच्या दलदलीतल्या रस्त्यावर रॉबर्टोची आणि मोबुटूची माणसं एका ओळीत पुढे सरकत होती. समोरून रॉकेटांचा मारा झाला आणि एफएनएलए जवळजवळ त्या दुपारीच संपली. दक्षिणेकडून आलेली दक्षिण आफ्रिकी फौज मार्च १९७६ अखेर परत फिरली. युद्ध संपलं, असं लुआंडात सत्तेवर आलेल्या एमपीएलएला वाटलं.

सविंबी मात्र मूठभर लोकांना घेऊन जंगलात गेला. या माणसाबद्दल दोन वाक्यं तरी लिहायला हवीत. चीनमध्ये माओच्या पद्धतीचं गनिमी प्रशिक्षण घेतलेला, चार-पाच भाषा बोलणारा, समोरच्याला हवं तेच ऐकवणारा. बीजिंगला माओवादी, प्रिटोरियाला कम्युनिस्टविरोधी, जानेवारी १९८६ मध्ये व्हाइट हाउसमध्ये रेगन यांच्याशेजारी स्वातंत्र्यसैनिक. त्याची बाजू वॉशिंग्टनला मांडणारा त्याचाच तरुण मुत्सद्दी टिटो शिंगुंजी पुढे जांबाच्या तळावर कुटुंबासकट मारला गेला. रेगन यांच्या पाहुण्याचा हा चेहरा अमेरिकनांनी बघायचं बरीच वर्षं टाळलं.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. मे १९७७ मध्ये एमपीएलएतच नेटोंविरुद्ध उठाव झाला. क्युबन रणगाड्यांच्या मदतीने तो चिरडला आणि नंतर हजारो लोक चौकशीशिवाय मारले. त्यांत सिता वाल्लेस होती, काबिंडात जन्मलेली, गोंयकार आईबापांची मुलगी, वय पंचवीस. गोव्यात आज तिचं नाव माहीत असलेले लोक थोडे आहेत, महाराष्ट्रात तर नाहीतच.

आता ऐंशीचं दशक. बाहेरच्यांचा हात सगळ्यात जड याच काळात होता, म्हणून त्याचं काम कसं चालायचं ते सांगतो. जांबा हा युनिटाचा तळ देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, नामिबियाच्या सीमेला जवळजवळ चिकटून. डिझेल, दारूगोळा, औषधं, सगळं दक्षिण आफ्रिकेकडून त्या सीमेवरून यायचं. १९८६ पासून अमेरिकेची खांद्यावरून डागायची विमानविरोधी स्टिंगर क्षेपणास्त्रं झाईरमार्गे यायला लागली, आणि सरकारी हेलिकॉप्टरं उंचावरून उडायला लागली, म्हणजे त्यांचा उपयोग संपला. सरकारकडे मिग विमानं, सोविएत सल्लागार आणि क्युबन सैन्य. या सगळ्याचा पैसा कुठून? काबिंडाच्या समुद्रातल्या तेलातून. ते तेल काढत होती अमेरिकन कंपनी. तिच्या आवाराला पहारा होता क्युबन सैनिकांचा. मे १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कमांडो त्या तेलाच्या टाक्या उडवायला आले; दोघे मारले गेले, एक पकडला गेला. म्हणजे अमेरिकन कंपनीवर हल्ला करायला आला अमेरिकेचा मित्र आणि तिला पहारा कॅस्ट्रोच्या माणसांचा. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

१९८७-८८ ची कुइतो कुआनावालेची लढाई कोण जिंकलं यावर अजून भांडणं होतात. (हे गाव वेगळं, खाली येणारं कुइतो शहर वेगळं; दोन्हींत चारशे-पाचशे किलोमीटरचं अंतर असेल.) माझं मत इंजिनिअरचं आहे, ते तसंच घ्या. मार्च १९८८ मध्ये गावासमोरच्या तुंपोच्या वाळूत दक्षिण आफ्रिकेचे रणगाडे सुरुंगपट्ट्यात अडकले, तीन तिथेच सोडून जावं लागलं. शस्त्रबंदीमुळे त्यांची विमानं जुनी, समोर मिग-२३. त्याच वेळी कॅस्ट्रोने पश्चिमेकडून नामिबियाच्या सीमेकडे ताजी फौज सरकवली. गाव पडलं नाही, आणि पुढे जायला प्रिटोरियाला गोऱ्या मुलांचे मृतदेह घरी पाठवावे लागले असते. ते राजकारण त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून सगळे टेबलावर आले. नामिबिया स्वतंत्र होणार, क्युबन परत जाणार. नामिबियातल्या संयुक्त राष्ट्र सेनेचं नेतृत्व आपल्या लेफ्टनंट जनरल देवान प्रेमचंद यांच्याकडे होतं, आणि ते काम चोख झालं. अंगोलात क्युबनांची परतपाठवणी मोजायला गेलेल्या छोट्या पथकातही भारतीय अधिकारी होते. तीही मोजदाद बिनचूक झाली.

बाहेरच्यांना बाहेर काढणं सोपं गेलं. अवघड होतं ते पुढे.

मे १९९१ मध्ये पोर्तुगालमधल्या बिसेस इथे सरकार आणि युनिटाचा करार झाला, सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक ठरली. दोन्ही सैन्यांची शस्त्रं आधी गोळा करून एक सैन्य करायचं, मग मतदान. शस्त्रं गोळा झाली नाहीत, मतदान झालं. देखरेखीला साडेतीनशे लष्करी निरीक्षक, आणि देश महाराष्ट्राच्या चौपट. प्रमुख मार्गारेट अ‍ॅन्स्टी यांनी सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक ७४७ वरून कोटी केली होती की मला ७४७ विमान उडवायला दिलंय आणि इंधन दिलंय छोट्या डकोटाचं. एमपीएलएचे राष्ट्राध्यक्ष दोस सांतोस यांना ४९.५७ टक्के, सविंबीला ४०.०७. पन्नास टक्के कुणालाच नाहीत म्हणून दुसरी फेरी हवी होती. सविंबीने घोटाळा झाल्याचं जाहीर केलं आणि जपून ठेवलेलं सैन्य बाहेर काढलं. ऑक्टोबरअखेर लुआंडाच्या रस्त्यांवर तीन दिवस युनिटाच्या माणसांना शोधून शोधून मारलं. त्यांचा उपाध्यक्षही मेला. मग युद्ध शहरांत शिरलं. उआंबो शहरासाठी पंचावन्न दिवस लढाई चालली. कुइतो शहराला नऊ महिने वेढा होता, आणि आघाडी गावाबाहेर नाही, मुख्य रस्त्याच्या दोन फुटपाथांवर. मी दोन वर्षांनी तिथे गेलो तेव्हा एकाही भिंतीवर तळहात ठेवायला सलग जागा नव्हती. माणसांनी आपापल्या परसात प्रेतं पुरली होती, आणि त्याच परसात आता मका लावला होता, कारण बाहेरच्या शेतात सुरुंग.

महासत्ता तर गेल्या होत्या. मग हे चालत कशावर होतं?

सरकार तेलावर. नव्वदच्या दशकात दिवसाला पाच लाख पिंपांच्या वर, तेही बहुतेक समुद्रातून, जिथे गनीम पोचत नाही. युनिटा हिऱ्यांवर. ईशान्येच्या लुंडा प्रांतात, कुआंगो नदीच्या खोऱ्यात हिरे खोल खाणीत नसून नदीच्या वाळू-रेतीत सापडतात. फावडं, चाळण आणि घमेलं एवढं भांडवल पुरतं. (घमेलंसुद्धा त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेलं.) खणणारे गरीब लोक, वाटा युनिटाचा. १९९२ ते ९८ या काळात युनिटाची हिऱ्यांची कमाई तीन अब्ज डॉलरांच्या वर धरतात. अमेरिकेने ऐंशीच्या दशकात वर्षाला दिलेली मदत काही कोटींची. म्हणजे वॉशिंग्टनने हात आखडल्यावर सविंबी गरीब झाला नाही, श्रीमंत झाला. आणि महासत्तेच्या पैशाला निदान एक दोरी असते: कधीतरी फोन येतो, आता थांबा म्हणून. हिऱ्याच्या पैशाला दोरी नाही.

तुम्ही ज्याला परकीय हस्तक्षेप म्हणता त्याचं रूप इथे बदललं. झेंडा गेला, दलाल आला. बल्गेरियात बनलेली शस्त्रं टोगोच्या नावावर काढलेल्या अंतिम वापराच्या दाखल्यावर निघायची आणि रात्री युनिटाच्या ताब्यातल्या आंदुलोच्या धावपट्टीवर उतरायची. पूर्वीच्या सोविएत देशांतली मालवाहू विमानं भाड्याने मिळत होती. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये युनिटाला शस्त्रं आणि तेलबंदी केली, जून १९९८ मध्ये हिऱ्यांवरही बंदी आली, पण कुणी ती मोडतंय हे नावानिशी सांगायची हिंमत मार्च २००० च्या संयुक्त राष्ट्रांच्या फाउलर अहवालात झाली. त्यात टोगो आणि बुर्किना फासोच्या राष्ट्राध्यक्षांची नावं होती. मुंबईत आज बीकेसीच्या हिरे बाजारात कच्च्या हिऱ्यांचं पाकीट आयात करताना किंबर्ली प्रमाणपत्र, म्हणजे हे हिरे बंडखोरांचे नाहीत असा दाखला, लागतं, ते २००३ पासून. त्याच्या मुळाशी अंगोला आणि सिएरा लिओन आहेत. ते कागद सांभाळणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

सरकारच्या बाजूलाही दलाल होतेच. फ्रान्समधून कोट्यवधी डॉलरांची रशियन शस्त्रं विकली गेली, त्यावर पुढे पॅरिसमध्ये खटला चालला. आणि १९९३ मध्ये सरकारने एक खासगी दक्षिण आफ्रिकी कंपनी भाड्याने घेतली, एक्झिक्युटिव्ह आउटकम्स. तिच्यात बरेचसे लोक दक्षिण आफ्रिकेच्या ३२ व्या बटालियनचे, म्हणजे ऐंशीच्या दशकात सविंबीच्या बाजूने लढलेले. तेच आता पगार घेऊन त्याच्याविरुद्ध लढले आणि १९९४ मध्ये काफुन्फोचा हिऱ्यांचा पट्टा परत घेऊन दिला. सविंबी त्या नोव्हेंबरात लुसाका कराराला तयार झाला तो मुख्यतः या माराने.

आता आपल्या लोकांबद्दल. लुसाका करारानंतर फेब्रुवारी १९९५ मध्ये तिसरी मोहीम मंजूर झाली, सात हजारांच्या आसपास सैनिक. भारताची एक पायदळ बटालियन, एक इंजिनिअर कंपनी, शिवाय निरीक्षक आणि स्टाफ अधिकारी. काम तीन प्रकारचं: रस्ते-पूल-सुरुंग, दोन सैन्यांच्या मधे उभं राहणं, आणि युनिटाच्या सैनिकांना ठरलेल्या छावण्यांत आणून नोंदणी करून शस्त्रं जमा करणं.

सुरुंगांबद्दल आधी. एका पडलेल्या पुलाच्या अलीकडच्या काठावर साधारण दोन टेनिस कोर्टांएवढी जागा मोकळी करायची होती. हे काम डिटेक्टरपेक्षा हाताने होतं: पोटावर पडून, टोकदार सळई तिरकी खुपसत, बोटा-बोटाने पुढे. सरळ वरून खुपसली की दाब झाकणावर पडतो. तिरकी गेली तर कडेला लागते. त्या तुकड्यात निघालेला पहिला सोविएत पीएमएन, काळ्या रबरी झाकणाचा, आत दोनशे चाळीस ग्रॅम टीएनटी, पाय गुडघ्यापर्यंत नेणारा. त्याच्या वीतभर पलीकडे पूर्व जर्मन प्लॅस्टिकचा. मग चिनी, हिरवा, तळहाताएवढा. मग दक्षिण आफ्रिकी. पुलासाठी जो जो लढला त्याने आपला थर टाकला होता आणि नकाशा कुणीच ठेवला नव्हता. माझ्या मते या युद्धावरचा सगळ्यात खरा दस्तऐवज तो चौकोन होता. कारखाने चार देशांतले, पुरणारे हात मात्र तिथलेच. आणि ते का पुरत होते? सगळेच शत्रूच्या सैन्यासाठी नव्हते. सरकारी ठाण्याभोवती कडं असायचं, त्याने गनीम आत येत नाही तसे गावकरी बाहेरही जात नाहीत. युनिटा शेताकडे, पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटांवर पुरायची, म्हणजे गावाला मका मिळू नये आणि उपाशी गाव सरकारच्या डोक्यावर बसावं. आंब्याच्या झाडाखालीही असायचे. उन्हात सावली तिथेच, आणि भुकेच्या दिवसांत फळ तिथेच. नोव्हेंबरात झाडं लगडलेली आणि खाली गवत गुडघाभर, कुणी तुडवलेलं नाही, असं दिसलं की समजायचं.

छावणीतली नोंदणी हा दुसरा धडा. पहिली छावणी नोव्हेंबर १९९५ मध्ये व्हिला नोव्हाला उघडली, एकूण पंधरा झाल्या. रांग लागायची. टेबलावर नाव, वय, हुद्दा, शस्त्र. काही दिवसांनी आम्ही कागदापेक्षा माणूस बघायला लागलो. वर्षानुवर्षं बंदूक वागवलेल्याचा उजवा खांदा किंचित खाली असतो, पट्ट्याचा वळ असतो, आणि शस्त्र टेबलावर ठेवताना तो नळी सवयीनेच कुणाकडे न रोखता ठेवतो. रांगेतल्या कितीतरी मुलांना ती सवय नव्हती. वय अठरा सांगायची, दिसायची चौदाची. हात शेतकऱ्याचे. बंदूक अशी की बोल्ट गंजून बसलेला. एकाने तर पोर्तुगीजांच्या काळातली शिकारीची बंदूक तारेने बांधून आणली होती. युनिटाने आजूबाजूच्या गावांतली पोरं गोळा करून आकडा भरला होता, आणि तेल पाजलेली शस्त्रं, रेडिओ आणि खरे शिपाई आंदुलो-बैलुंडोकडे झाकून ठेवले होते. आम्ही हे अहवालात लिहिलं. एकदा नव्हे. वर साठ हजारांचा आकडा पूर्ण झाल्याचं समाधान होतं आणि ते कुणाला मोडायचं नव्हतं. कागदावर शांतता पुढे सरकत राहिली. मी स्वतःलाही यातून सोडत नाही. मीही रोज संध्याकाळी तो तक्ता सही करून पाठवत होतो.

उपयोग झाला का, याचं माझं उत्तर: रस्त्यांचा झाला, पुलांचा झाला, दवाखान्याचा झाला. चार वर्षं मोठी लढाई थांबली, त्यात जन्मलेली मुलं जगली. राजकीय काम फसलं. दोन्ही बाजूंना उसंत हवी होती, ती आम्ही दिली आणि दोघांनी त्यात शस्त्रं घेतली. जून १९९८ मध्ये वाटाघाटी धरून ठेवणारे मालीचे आलियून ब्लाँदिन बेय विमान अपघातात गेले. डिसेंबरात पुन्हा भडका उडाला, संयुक्त राष्ट्रांची दोन विमानं आठवड्याभरात उआंबोजवळ पाडली गेली, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेने मोहीमच गुंडाळली.

मग शेवट कशाने झाला? एका कारणाने नव्हे. १९९७ मध्ये मोबुटू पडला, त्यात लुआंडाच्या सैन्याचाही हात होता, आणि सविंबीचं मागचं दार बंद झालं. त्याच वर्षी पलीकडच्या ब्राझाव्हिलमध्येही लुआंडाने आपल्या सोयीचा माणूस बसवायला मदत केली. म्हणजे परकीय हस्तक्षेपाचा बळी ठरलेला देश आता स्वतः शेजाऱ्यांकडे हस्तक्षेप करत होता. तेलाचे भाव चढले. १९९९ च्या शरदात आंदुलो आणि बैलुंडो पडले, धावपट्ट्या गेल्या. हिऱ्यांवरच्या बंदीने युनिटाचा माल स्वस्तात काढावा लागायला लागला. आणि सरकारने पठारावरची आणि पूर्वेची गावंच्या गावं उठवून शहरांकडे हाकली, म्हणजे गनिमाला मका देणारं, ओझं वाहणारं कुणी मागे राहू नये. सविंबीच्या गनिमी विद्येचा पाया लोकांत होता. हिरे आल्यावर त्याला लोकांची गरज उरली नाही, आणि हिरे गेल्यावर आजूबाजूला लोक उरले नव्हते. २२ फेब्रुवारी २००२ ला मोशिको प्रांतात तो गोळ्या लागून मेला. सहा आठवड्यांत, ४ एप्रिलला, लुएनामध्ये ठरलेल्या करारावर दोन्हीकडच्या सेनापतींनी लुआंडात सह्या केल्या. मध्यस्थ परदेशी नव्हता. संयुक्त राष्ट्रं आणि इतर देश साक्षीदार होते.

तोवर पाच लाखांच्या आसपास माणसं गेली होती आणि चाळीस लाख घरांतून उठली होती.

लुएनानंतर पुन्हा छावण्या उघडल्या. मी तेव्हा पुण्यात होतो, आकडे वाचले. सरकारचा अंदाज पन्नास हजारांचा होता. आले ऐंशी हजारांहून जास्त, आणि सोबत बायकापोरं तीन लाख. खरे शिपाई, आम्हाला १९९६ मध्ये न दिसलेले, या वेळी रांगेत होते, कारण मोशिकोच्या जंगलात खायला काही उरलं नव्हतं. छायाचित्रांत माणसं काठीसारखी दिसत होती. त्यांतल्या एकात टेबलावर एके-४७ ठेवणारा एक जण होता. नळी बाहेरच्या बाजूला वळवलेली.